आठ कोठे गेला?
(एका सतरा अंकी संख्येचा अभ्यास)

१ पासून ९ पर्यंतचे अंक क्रमाने लिहा. नऊपाशी पोहोचलात की मागे वळा आणि उतरत उतरत पुन्हा १ वर या. कागदावर जी संख्या उमटेल ती अशी :

१२३४५६७८९८७६५४३२१

ही संख्या डावीकडून वाचा की उजवीकडून, ती सारखीच. पाहणाऱ्याला प्रथम वाटेल की, कोणी तरी गंमत म्हणून अंक मांडले आहेत, यात गणित ते काय? पण ही संख्या म्हणजे १११११११११ या नऊ एकांच्या संख्येचा वर्ग आहे, असे सांगितले तर? गुणाकार करून कोणालाही याची खात्री करून घेता येईल. मात्र खात्री पटली म्हणजे काम संपले असे नाही. असे का घडते, आणि कोठपर्यंत घडते, हे दोन प्रश्न विचारल्यावाचून चमत्काराचे गणित होत नाही. हे दोन प्रश्न हाती घेऊन आपण या एकाच संख्येची ओळख करून घेऊ.

परार्धाच्या उंबरठ्यावर

संख्या किती मोठी आहे ते आधी पाहू. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त एकं, दशं, शतं येथपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. कोटीच्या पुढे अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध. आपल्या संख्येचा सर्वांत डावीकडचा १ सतराव्या, म्हणजे 'मध्य' या स्थानावर बसतो. परार्ध फक्त एक घर पुढे आहे.

इतके सेकंद मोजायचे म्हटले तर सुमारे ३९ कोटी वर्षे लागतील. तेवढ्या वर्षांपूर्वी पृथ्वीवर डायनोसॉर प्राणीदेखील अवतरले नव्हते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. संगणकावरच्या नेहमीच्या तक्त्यात ही संख्या भरली, तर तो पहिले पंधरा अंक नीट ठेवतो आणि शेवटच्या २१ च्या जागी दोन शून्ये मांडतो. यंत्राने राखून ठेवलेली जागाच तेवढी असते. म्हणून आपली संख्या पारखावयाची तर कागद, पेन्सिल आणि विचार हीच साधने खरी. सुदैवाने तेवढी पुरेशी आहेत.

रांगोळीचे ठिपके

लहान उदाहरणाने सुरुवात करू. ११११ ला ११११ ने गुणताना आपण चार ओळी मांडतो आणि प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवतो :

१११ १ × १ = ११११
११११ × १० = ११११०
११११ × १०० = ११११००
११११ × १००० = ११११०००

या चार ओळी एकाखाली एक मांडून बेरीज करा. एकंस्थानी एकच १ आहे. दशंस्थानी दोन, शतंस्थानी तीन, सहस्रस्थानी चार. त्यापुढे मात्र ओळी एकेक करून संपत जातात, म्हणून पुन्हा तीन, दोन, एक. बेरीज येते १२३४३२१. गुणाकारात गुणण्यासारखे काहीच नाही, फक्त एक मोजावयाचे आहेत.

आपल्याकडे दारापुढे ठिपक्यांची रांगोळी काढतात. एक ठिपका, खाली दोन, खाली तीन असे नऊपर्यंत वाढत जावयाचे आणि मग आठ, सात करीत पुन्हा एकावर यावयाचे. असे काढलेले ठिपके कोपऱ्यावर उभ्या केलेल्या चौरसाचे असतात. मान जरा तिरपी करून पाहा, नऊ ओळी आणि प्रत्येक ओळीत नऊ ठिपके दिसतील. नऊ एकांना नऊ एकांनी गुणणे म्हणजे नेमकी हीच रांगोळी. रांगोळीच्या आडव्या ओळींतील ठिपक्यांची संख्या हेच आपल्या गुणाकाराचे अंक.

यावरून एक गोष्ट गुणाकार न करताच मिळाली. ठिपके ९ × ९ = ८१ आहेत, म्हणून आपल्या संख्येतील अंकांची बेरीज ८१ असलीच पाहिजे. मिळवून पाहा : १ ते ९ ची बेरीज ४५, आणि ८ ते १ ची ३६.

मुर्डी, फर्ग्युसन आणि डेमलो

अशा संख्यांना एक नाव आहे, आणि ते नाव आपल्याच महाराष्ट्रातील एका शाळामास्तरांनी दिले आहे. ती हकिकत रत्नागिरी जिल्ह्यापासून सुरू करता येते.

दापोली तालुक्यातील मुर्डी या गावी १८७६ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म झाला. १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत ते सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि रँग्लर परांजपे या नावानेच सर्वांना परिचित झाले. गणितातील स्वतंत्र कामासाठी विद्यार्थ्यांना त्यांच्या नावाचे पारितोषिक देण्यात येई. १९२७ साली ते पारितोषिक फर्ग्युसनमधील एका विद्यार्थ्याला मिळाले. त्याचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

कापरेकरांचा जन्म १९०५ चा, डहाणूचा. शालेय शिक्षण ठाण्यास झाले. १९२९ मध्ये पदवी घेतल्यावर १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळच्या देवळालीस शाळेत शिकवीत होते. पदवीच्या पुढचे शिक्षण नाही, हाती प्रयोगशाळा नाही. संख्या मात्र अहोरात्र सोबतीला. ६१७४ या संख्येचा त्यांनी लावलेला शोध अनेकांनी ऐकला असेल. पण त्याआधीपासून ते ज्या संख्यांच्या मागे होते त्यांना त्यांनी 'डेमलो संख्या' असे नाव दिले होते. त्या वेळच्या जी. आय. पी. रेल्वेवर मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर डेमलो नावाचे स्थानक होते. तेच आजचे डोंबिवली. या संख्यांची कल्पना त्यांना तेथे सुचली, म्हणून स्थानकाचे नाव संख्यांना मिळाले.

१६५, २५५३, ४७७७३ या डेमलो संख्या आहेत. दोन टोकांचे अंक मिळवले की मधला, पुन्हा पुन्हा येणारा अंक मिळतो : १ + ५ = ६, २ + ३ = ५, ४ + ३ = ७. आणि १, १२१, १२३२१ असे वाढत जाणारे जे एकांच्या संख्यांचे वर्ग, त्यांना कापरेकरांनी 'अद्भुत डेमलो संख्या' म्हटले. आपली सतरा अंकी संख्या ही या ओळीतील नववी.

सुरुवातीस भारतातील अनेक गणितज्ञांनी कापरेकरांचे हे काम फारसे मनावर घेतले नाही. आपल्या पुस्तिका त्यांनी पुष्कळदा स्वतःच छापल्या. १९७५ मध्ये अमेरिकेतील 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले आणि त्यांचे नाव जगभर गेले. १९८६ मध्ये कापरेकरांचे निधन झाले.

अंकांचे हे खेळ म्हणजे गणित की नुसती करमणूक, हा प्रश्न त्यांच्या हयातीत विचारला गेला आणि आजही विचारला जातो. त्याचे उत्तर वादविवादाने न देता आपण आपल्या संख्येकडूनच घेऊ.

संख्येचे अवयव

१११११११११ चे मूळ अवयव पाडू. या संख्येत १११ हा गट तीनदा आला आहे, म्हणून ती १११ × १००१००१ अशी लिहिता येते. त्यांपैकी १११ = ३ × ३७. तसेच १००१००१ च्या अंकांची बेरीज ३ असल्यामुळे तिला ३ ने भाग जातो : १००१००१ = ३ × ३३३६६७. म्हणजे

१११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७

३३३६६७ ही मूळ संख्या आहे. ते पडताळण्यासाठी ५७७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिले की पुरे, कारण ५७८ चा वर्ग ३३३६६७ हून मोठा होतो. अशा मूळ संख्या १०६ आहेत. शिक्षकांनी हे काम वर्गात वाटून द्यावे. चाळीस विद्यार्थी असतील तर प्रत्येकाच्या वाट्यास दोन-तीन भागाकार येतात आणि एका तासात सबंध वर्ग मिळून एक सिद्धता पुरी करतो.

आपली संख्या हा वर्ग असल्याने तिच्यात हे अवयव दुप्पट येतील : ३ चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा. आता तिचे एकूण विभाजक किती? विभाजक बनवताना ३ हा अवयव ०, १, २, ३ किंवा ४ वेळा घेता येतो, म्हणजे पाच प्रकारे. ३७ तीन प्रकारे आणि ३३३६६७ तीन प्रकारे. म्हणून विभाजक ५ × ३ × ३ = ४५. ही विषम संख्या योगायोगाने आलेली नाही. विभाजक जोडीजोडीने येतात, एकाने भागले की दुसरा मिळतो. पण १११११११११ चा जोडीदार तो स्वतःच, म्हणून तो एकटा उरतो. पूर्ण वर्गाचे विभाजक नेहमी विषमच असतात, याचे कारण हेच.

आनंद देणारी संख्या

ज्या संख्येस तिच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तिला कापरेकरांनी 'हर्षद' म्हटले. हर्षद म्हणजे हर्ष देणारी. १२ च्या अंकांची बेरीज ३, आणि १२ ला ३ ने भाग जातो, म्हणून १२ हर्षद.

आपली संख्या हर्षद आहे काय? अंकांची बेरीज ८१ आहे. 'अंकांच्या बेरजेस ९ ने भाग गेला तर संख्येस ९ ने भाग जातो' हा नियम सर्वांना पाठ असतो. तोच ८१ ला लावावा असा मोह होईल, पण तसे चालत नाही. ९९ पाहा. अंकांची बेरीज १८, पण ९९ ला १८ ने भाग जात नाही. तेव्हा निराळा मार्ग हवा. १११११११११ च्या अंकांची बेरीज ९ आहे, म्हणून तिला ९ ने भाग जातो. भागाकार येतो १२३४५६७९. जिला ९ ने भाग जातो, तिच्या वर्गाला ८१ ने भाग जाणारच. म्हणून आपली संख्या हर्षद आहे.

हा मान या कुळातील सर्वांना मिळत नाही. पहिल्या नऊ अद्भुत डेमलो संख्यांच्या अंकांची बेरीज अनुक्रमे १, ४, ९, १६, २५, ३६, ४९, ६४, ८१ अशी आहे. या सर्व संख्यांच्या शेवटी १ आहे, म्हणून ४, १६, ३६, ६४ या सम संख्यांनी भाग जाणे शक्य नाही, आणि २५ नेही नाही. ४९ चे काय? त्यासाठी सात एकांच्या १११११११ ला ७ ने भाग जावयास हवा, आणि तेथे १ बाकी उरते. उरल्या फक्त तीन : १, १२३२१ आणि आपली संख्या.

आठ कोठे गेला?

वरच्या भागाकाराकडे पुन्हा पाहा : १२३४५६७९. सातानंतर एकदम नऊ! आपल्या संख्येत ८ दोनदा आहे, तिच्या या अवयवात तो एकदाही नाही.

याचे उत्तर शोधण्यासाठी एक पाऊल पुढे जाऊ. नऊ एकांऐवजी दहा एक घेऊन वर्ग केला तर? रांगोळीत आता सर्वांत लांब ओळ दहा ठिपक्यांची होईल. पण एका स्थानावर दहा लिहिता येत नाहीत. शून्य लिहून हातचा १ डावीकडे द्यावा लागतो. डावीकडे ९ आहेत, त्यांत १ मिळून पुन्हा १० होतात. तेथेही शून्य, आणि हातचा १ आणखी डावीकडे. तेथे आहे ८. आठात हातचा मिळून ९ झाले आणि हातचे थांबले. उत्तर येते :

१२३४५६७९००९८७६५४३२१

डावीकडच्या बाजूचा ८ गेला तो असा. हातच्याने त्याला नऊ केले आणि मूळच्या नऊचे शून्य झाले. संख्येची उलटसुलट सारखेपणाची शोभाही त्याबरोबर मोडली.

१२३४५६७९ मधूनही ८ नेमका याच वाटेने जातो. १ ला ९ ने भागले तर ०·१११११... हा आवर्ती दशांश मिळतो. त्याचा वर्ग, म्हणजे १ भागिले ८१, हा ०·०१२३४५६७८९ असा सुरू व्हावा असे वाटते. पण नऊच्या मागून १० येतात, त्यांचा हातचा नऊला दहा करतो आणि दहाचा हातचा आठाला नऊ. म्हणून प्रत्यक्षात मिळतो ०·०१२३४५६७९०१२३४५६७९... यातील पुन्हा पुन्हा येणारा भाग म्हणजेच आपला आठ हरवलेला अवयव.

हातच्यांचा हिशेब अंकांच्या बेरजेतही उतरतो. एका स्थानावरील १० काढून पुढच्या स्थानावर १ मांडला की अंकांची बेरीज ९ ने कमी होते. दहा एकांच्या वर्गात ठिपके १०० आणि हातचे दोन, म्हणून अंकांची बेरीज १०० − १८ = ८२. वरचे अंक मिळवून पाहा.

आता आपल्या संख्येकडे परत येऊ. १२३४५६७९ ला ८१ ने गुणले की ९९९९९९९९९ मिळतात, आणि ९९९९९९९९९ म्हणजे १११११११११ ची नऊपट. म्हणून

१२३४५६७८९८७६५४३२१ = १२३४५६७९ × ९९९९९९९९९

हा गुणाकार तोंडी होतो. ९९९९९९९९९ हे एक अब्जाला एक कमी. म्हणून १२३४५६७९ वर नऊ शून्ये द्या आणि त्यातून १२३४५६७९ वजा करा. डावीकडे एक कमी होऊन १२३४५६७८ उरतात, उजवीकडे ९८७६५४३२१. हरवलेला आठ वजाबाकीने दोन्ही बाजूंस परत आणला! आणि हे दोन तुकडे मिळवले, तर बेरीज पुन्हा ९९९९९९९९९ येते.

गुण संख्येचा की लेखनाचा?

आता मघाचा प्रश्न. हा खेळ दहा या पायावर उभा आहे. आपण आठाच्या पायावर मोजत असतो तर सर्वांत मोठा अंक ७ असता, आणि रांगोळी सात एकांपर्यंतच टिकली असती. दोनाच्या पायावर, जो संगणक वापरतो, ११ चा वर्ग १००१ होतो. नमुना दुसऱ्याच पायरीवर मोडतो. म्हणजे उलटसुलट सारखे असणे, अंकांची बेरीज ८१ असणे, हे गुण संख्येच्या पोशाखाचे आहेत. उलट, ती पूर्ण वर्ग आहे, तिला ८१ ने भाग जातो, तिचे विभाजक ४५ आहेत, हे गुण कोणत्याही पोशाखात कायम राहतात.

पण पोशाखाचे गुण टाकाऊ ठरत नाहीत. ठिपके मोजता मोजता आपण स्थानमूल्य, हातचा, विभाज्यता आणि आवर्ती दशांश या चार गोष्टी एकाच धाग्यात ओवल्या, आणि नियम कोठे थांबतो हेही सकारण सांगू शकलो. कारण सांगता आले तेथे करमणुकीचे गणित झाले. देवळालीच्या शाळामास्तरांचा मार्ग हाच होता आणि तो कोणत्याही शाळेच्या बाकावरून चालता येतो.

स्वाध्याय

१. अकरा एकांच्या संख्येचा वर्ग करताना किती हातचे येतील? गुणाकार न करता, केवळ रांगोळीवरून वर्गाच्या अंकांची बेरीज सांगा आणि मग गुणाकार करून पडताळा. (उत्तर : हातचे ४, बेरीज १२१ − ३६ = ८५.)

२. १२३४५६७९ ला १८, २७, ३६ ... ८१ यांनी गुणा. प्रत्येक उत्तर एकाच अंकाचे का येते?

३. आठाच्या पायावर सात एकांच्या संख्येचा वर्ग करा. तेथे १ भागिले ४९ चा आवर्ती भाग लिहिला तर कोणता अंक हरवेल, ते आधी तर्काने ठरवा. (दहाच्या पायावर ९ च्या आधीचा ८ हरवतो, हे आठवा.)

४. आपल्या संख्येचे ४५ विभाजक जोड्या लावून लिहा. एकटा उरणारा विभाजक कोणता?